दोन्ही घरचा पाहुणा

विद्यापीठ अनुदान आयोगाने ता. १३ एप्रिल २०२२ रोजी काही मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आणि एका विद्यार्थ्याने एकाच वेळी दोन अभ्यासक्रमांस, व हवे तर दोन निरनिराळ्या संस्थांत, नाव घालण्यास हरकत नाही असे जाहीर केले. दोन्ही अभ्यासक्रम वर्गात बसून करावयाचे असतील तर त्यांच्या तासांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, एक वर्गात बसून व दुसरा दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन केला तरी चालेल, दोन्ही घरबसल्या केले तरीही चालेल, मात्र पीएच्. डी.स ही सवलत नाही. सूचनांचा मथितार्थ एवढाच. या गोष्टीस आता काही वर्षे लोटली, पहिला गलबला शमला, आणि गलबल्यात ज्याचा विचार होऊ शकला नाही तो प्रश्न आता निवांतपणे पाहावयास हरकत नाही असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत. निवांतपणे म्हटले खरे; पण विषयच असा आहे की लेखणी थोडी तापल्यावाचून राहावयाची नाही, हे वाचकांस आधीच सांगून ठेवलेले बरे.

या सवलतीचे स्वागत करणाऱ्यांनी तीत ज्ञानाची कवाडे उघडलेली पाहिली. विरोध करणाऱ्यांनी 'दोन्ही घरचा पाहुणा उपाशी' ही म्हण पुढे केली. म्हण चांगली आहे, पण ती उच्चारणाऱ्यांनी तिचा अर्थ नीट लावला नाही. दोन घरची आमंत्रणे असलेला पाहुणा उपाशी का राहतो? त्याला भूक नसते म्हणून नव्हे, व तो अधाशी असतो म्हणूनही नव्हे. पहिल्या घरची मंडळी समजतात की हा दुसरीकडे जेवून आला असेल. दुसऱ्या घरची मंडळी समजतात की पहिल्या घरी याचे पान वाढले असेल. आणि दोन्ही घरच्या चुली लवकर विझतात. यात दोष पाहुण्याचा नाही, यजमानांचा आहे. विद्यार्थ्याचे चित्त दुभंगेल, डोके शिणेल, तो ना धड हे ना धड ते होईल, असली ओरड आम्ही करणार नाही. आमची तक्रार विद्यार्थ्याविरुद्ध नसून त्या दोन यजमानांविरुद्ध, आणि चूल विझविण्याची त्यांस मुभा देणाऱ्या आयोगाविरुद्ध आहे.

जुनी बंदी फार शहाणपणाची होती असे आम्हास मुळीच म्हणावयाचे नाही. २०१२ साली आयोगाने फुरकान कमर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. नेहमीच्या पदवीबरोबर दूरशिक्षणाची आणखी एक पदवी घेऊ द्यावी असे तिने सुचविले. २०१६ च्या जानेवारीत आयोगाने विद्यापीठांस पूर्वीच्याच नियमांनी चालावयास सांगून ती सूचना बासनात बांधली. २०१९ साली आयोगाचे तत्कालीन उपाध्यक्ष, पुण्याचे भूषण पटवर्धन, यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा एक समिती बसली, आणि अखेर २०२२ साली कवाड उघडले. दहा वर्षांच्या या येरझारांत, 'एका वेळी एकच पदवी का?' या साध्या प्रश्नाला शिक्षणशास्त्राच्या बाजूने उत्तर दिलेले आमच्या तरी पाहण्यात आले नाही. नियम होता म्हणून तो पाळावयाचा, इतकेच. बरे, कवाड उघडले तेही कसे? ज्यांनी पूर्वी एकाच काळात दोन पदव्या मिळविल्या त्यांस या सूचनांचा लाभ मिळणार नाही, असे कलम त्यातच घातलेले! म्हणजे १२ एप्रिलपर्यंत जे पाप होते ते १३ एप्रिलला पुण्य झाले. पण आदल्या दिवशीचा पापी तो पापीच. गुन्हा काय, तर अभ्यास केला. हा अन्याय दूर करावयास २०२५ चा जून उजाडावा लागला. तेव्हा, बंदीचा पक्ष घेऊन लढावयास आम्ही उभे आहोत असा कोणी ग्रह करून घेऊ नये.

'चित्त दुभंगते' हा आक्षेप फोल आहे हे दाखविण्यासाठी सवलतीचे कैवारी एक मोठे नाव घेतात, आणि ते घेण्याचा त्यांस अधिकार आहे. १९१६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कहून लंडनास गेले आणि एकाच वेळी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज् इन् या दोन्ही ठिकाणी त्यांनी नाव घातले. मग आजच्या तरुणाने तसे का करू नये? युक्तिवाद बिनतोड दिसतो. पण ग्रेज् इन् म्हणजे काय, हे जरा पाहिले पाहिजे. लंडनच्या त्या संस्था म्हणजे तास, हजेरी व चाचण्या असलेली कॉलेजे नव्हत. तेथे विद्यार्थ्याने बारा टर्म भरावयाच्या, आणि टर्म भरावयाची म्हणजे काय करावयाचे, तर ठरावीक संख्येने तेथील भोजनास हजर राहावयाचे. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत सांगितले आहे की टर्ममध्ये सुमारे चोवीस जेवणे होत व त्यांपैकी निदान सहास हजर असावे लागे. बाकी कायद्याचा अभ्यास ज्याचा त्याने करावयाचा. अर्थात् त्या दोन घरांपैकी एक घर विद्या देणारे होते आणि दुसरे वकिलीची सनद देणारे. एकाने दुसऱ्याच्या पानाकडे पाहून आपला हात आखडता घेण्याचा प्रश्नच नव्हता. (आणि दुसऱ्या घरी पाहुणा खरोखरच जेवत असे, हेही लक्षात ठेवावयास हरकत नाही!) शिवाय बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपताच १९१७ साली बाबासाहेबांस दोन्ही ठिकाणचे काम अर्धे टाकून परत यावे लागले, आणि १९२० साली सिडनॅम कॉलेजातील पगारातून शिल्लक टाकून पुन्हा जावे लागले. त्यांच्या मार्गातली धोंड दोन ठिकाणी नाव घालण्याची बंदी ही नव्हती. ती धोंड पैसा व काळ ही होती. पुढे स्वतः कॉलेज काढण्याची वेळ आली तेव्हा या माणसाने काय केले पाहा. १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ कॉलेज निघाले. त्याचे वर्ग सकाळी भरविले, ते नोकरी करणाऱ्या गरीब विद्यार्थ्यास उरलेल्या दिवसात पोट भरता यावे म्हणून. दुसऱ्या कॉलेजात जाता यावे म्हणून नव्हे. ज्या सकाळच्या कॉलेजाचा जन्म कमावत्या विद्यार्थ्यासाठी झाला, ते आज दोन पदव्यांच्या वेळापत्रकातला पहिला रकाना होऊन बसत आहे. आणि या उलाढालीस बाबासाहेबांचे नाव साक्षीस बोलाविले जात आहे!

आता मुद्द्याची गोष्ट. विद्यार्थ्यास दुसरी पदवी हवी असते ती दोन कारणांनी. एकास जिज्ञासा असते, दुसऱ्यास भय असते. या दोघांचे अर्ज सारखे दिसतात, दोघांची फी सारखी घेतली जाते, आणि आयोगाच्या सूचनांत तर या दोघांत काही भेद केलेलाच नाही. पण भेद आहे, आणि तोच सर्वस्व आहे.

जिज्ञासूचे उदाहरण घेऊ. आमच्या परिचयाच्या एका प्राध्यापकांकडे पदार्थविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी अर्ज घेऊन आली. तिला संस्कृत शिकावयाचे होते. तिने शहराच्या दुसऱ्या टोकास असलेल्या एका संस्थेत संस्कृतच्या पदवीस नाव घालावयाचे ठरविले होते, व तासांच्या वेळा एकमेकींवर येत नाहीत असे लिहून देणारी सही तिला हवी होती. प्राध्यापकांनी वेळा ताडून पाहिल्या; येत नव्हत्या; सही केली. मुलगी आनंदाने गेली. आम्ही त्यांस विचारले, 'तिला संस्कृतची पदवी हवी होती, की संस्कृत हवे होते?' ते म्हणाले, 'हे मी विचारले नाही. अर्जात तसा रकाना नाही.'

या मुलीस संस्कृत हवे होते. तिला त्यासाठी दुसरी पदवी घ्यावी लागली; म्हणजे संस्कृतबरोबर त्या पदवीच्या पोटात येणारे चार-सहा नको असलेले विषय, दुसरी फी, दुसरे ओळखपत्र, दुसरी परीक्षा आणि दोन बसगाड्या घ्याव्या लागल्या. यात स्वातंत्र्य कोठे आहे? गावच्या विहिरीचे पाणी हवे असलेल्यास दुसरी विहीर विकत घ्यावयास सांगावे, त्यातलाच हा प्रकार. खरे स्वातंत्र्य हे की तिने आपल्या एकाच कॉलेजात असावे, संस्कृतच्या वर्गास जेथे उत्तम संस्कृत शिकवितात तेथे जाऊन बसावे, आणि तेथे केलेल्या अभ्यासाचे मोल तिच्या एकाच पदवीत धरले जावे. ही काही आमच्या डोक्यातून निघालेली नवी कल्पना नव्हे. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे विद्यार्थी एकाच कॉलेजचा असतो, पण विद्यापीठाची व्याख्याने सर्वांस खुली असतात. आणि तो कोठेही काहीही ऐको, त्याच्या शिक्षणाबद्दल जाब त्याच्या एका कॉलेजास विचारता येतो. अमेरिकेत हार्वर्ड व मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट या शेजारच्या संस्थांचे विद्यार्थी परस्परांच्या वर्गांस जातात. त्यासाठी दोहोंकडे पदवी घेत नाहीत. फार दूर कशाला, मुंबईस एम्. ए.चा विद्यार्थी एका कॉलेजात नाव घालून दुसऱ्या कॉलेजातील नामांकित प्राध्यापकांची व्याख्याने ऐकावयास जात असे, ही आंतरमहाविद्यालयीन पद्धत आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेली आहे. फोर्टातून चौपाटीपर्यंत पायपीट करून व्याख्यान ऐकावे, आणि पदवी मात्र एकच असावी.

आणि नवलाची गोष्ट अशी की हा रस्ता आयोगाने स्वतःच बांधून ठेवला होता. २०२१ च्या जुलैत त्याने श्रेयांकपेढीचे नियम प्रसिद्ध केले. या पेढीत विद्यार्थ्याने निरनिराळ्या मान्य संस्थांतून मिळविलेले श्रेयांक जमा व्हावेत, व त्यांतून त्याची पदवी पुरी व्हावी, अशी ही योजना. म्हणजे आमच्या त्या विद्यार्थिनीस जे हवे होते नेमके तेच! मग नऊ महिन्यांच्या आत दोन पदव्यांची ही दुसरी वाट का काढावी लागली? आमच्या मते याचे कारण उघड आहे. पेढीची वाट खरी करावयाची तर कॉलेजांस काम पडते. दुसऱ्या संस्थेच्या शिक्षकावर विश्वास टाकावा लागतो, वेळापत्रके जुळवावी लागतात, आपला विद्यार्थी बाहेर काय शिकतो याची विचारपूस करावी लागते, आणि आपल्या अभ्यासक्रमातील एखाद्या निर्जीव विषयास रजा द्यावी लागते. दोन पदव्यांच्या वाटेत यांपैकी काहीही करावे लागत नाही. तेथे सर्व जुळवाजुळव विद्यार्थ्याने करावयाची. कॉलेजाने फक्त घड्याळ पाहावयाचे. जी गोष्ट संस्थांचे कर्तव्य होती ती विद्यार्थ्याच्या खिशावर व पायांवर ढकलून दिली, आणि या ढकलण्यास 'सवलत' हे गोंडस नाव दिले.

जिज्ञासू विद्यार्थी थोडे; भयभीत फार. वाणिज्य शाखेच्या पदवीस बसलेला तरुण रात्री संगणकाच्या दुसऱ्या पदवीचा अभ्यास करतो तो संगणकावरील प्रेमाने करीत असेल तर आनंद आहे; पण त्याला एकांतात विचारा, म्हणजे तो सांगेल की पहिल्या पदवीवर नोकरी मिळण्याची त्याला आशा नाही. मद्रासच्या आय. आय. टी.ने २०२१ पासून विदाविज्ञानाची पदवी ऑनलाइन शिकविण्यास आरंभ केला, आणि इतरत्र अभियांत्रिकी किंवा वाणिज्य शिकणारे कितीतरी विद्यार्थी तिकडे वळले. त्या अभ्यासक्रमाविषयी आमचे वाईट मत नाही. उलट तो कसून शिकवितात अशी त्याची ख्याती आहे. पण त्याच्या दारात उभी असलेली ही रांग म्हणजे पहिल्या संस्थांविरुद्ध दिलेली मूक साक्ष नव्हे काय? ज्याचे घरी पोट भरते तो दुसऱ्याच्या ओसरीवर पान मांडून बसत नाही.

एखाद्या गिऱ्हाइकाने नवे धोतर आणावे, ते पहिल्या धुण्यातच विरावे, आणि त्याने तक्रार घेऊन दुकानी जावे. तेथे दुकानदाराने गादीवरून हसून म्हणावे, 'अहो, यात काय मोठेसे! पलीकडच्या दुकानातून आणखी एक घ्या, आणि दोन्ही एकावर एक नेसा. आमची काही हरकत नाही.' या दुकानदारास उदार म्हणणारा मनुष्य विरळा. पण एक पदवी निरुपयोगी ठरली असता आयोग जेव्हा सांगतो की आता दोन घ्या, तेव्हा त्यास आम्ही उदार, पुरोगामी, काळाची पावले ओळखणारा इत्यादी विशेषणे लावतो! दोन विरळ धोतरांनी अब्रू झाकली जाईलही; पण गिरणीस जाब कोण विचारणार? विद्यार्थ्यास दुसरीकडे जाण्याची वाट मोकळी झाली की पहिल्या कॉलेजावरचे उरलेसुरले दडपणही जाते. 'आमच्याकडे फार काही शिकवीत नाहीत खरे, पण आमचे वर्ग दुपारी बारास सुटतात,' ही यापुढे कॉलेजाची शिफारस होईल. किंबहुना काही ठिकाणी ती झालीच आहे.

ही आमची कुशंका नव्हे. महाराष्ट्राने हा खेळ एकदा पाहिलेला आहे. अकरावी-बारावीच्या विज्ञानशाखेत एका कॉलेजात नाव आणि दुसरीकडे क्लासात देह, अशी दुहेरी नोंदणी कोणत्याही आयोगाच्या परवानगीवाचून वर्षानुवर्षे चालत आली. कॉलेजाने प्रयोगवहीवर सही करावयाची, क्लासाने शिकवावयाचे, आणि दोघांनी मिळून 'इंटिग्रेटेड' हे भारदस्त नाव घ्यावयाचे. ओस पडलेल्या बाकांची शेवटी सरकारलाही लाज वाटली असावी. कारण २०१८ साली बोटांच्या ठशांनी हजेरी घेण्याचे फर्मान निघाले. बोटाचा ठसा उमटला म्हणून काही कॉलेज जिवंत होत नाही. त्या दुहेरीपणाने क्लास श्रीमंत झाले, आणि कॉलेजांतले चांगले शिक्षक रिकाम्या बाकांपुढे उभे राहून राहून उमेद हरवून बसले. जी दशा बारावीपर्यंत चोरून आली, ती पदवीपर्यंत राजरोस आणावयाची काय?

आता ज्या गोष्टीने आम्हास ही लेखणी हाती धरावयास लाविले ती सांगतो. केंद्र सरकारच्या २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याप्रमाणे एका वर्षाचे शिक्षण म्हणजे, वर्ग, प्रयोग व घरचा अभ्यास सर्व मिळून, १,२०० तास, आणि त्याचे मोल ४० श्रेयांक. दोन अभ्यासक्रम घेतले की २,४०० तास झाले. वर्षाचे ३०० दिवस कामाचे धरले तर रोजचे आठ तास. कोणी म्हणेल, मग अशक्य काय आहे? तरुण मनुष्याने रोज आठ तास अभ्यास करू नये काय? अवश्य करावा! अशक्य नाही हेच तर आमचे दुखणे आहे. ज्याच्या घरी दोन वेळा आयते ताट येते, ज्याची खोली स्वतंत्र आहे, ज्याचे कॉलेज घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्याला हे आठ तास सहज साधतील. पण पहाटे दूध नाहीतर वर्तमानपत्रे टाकून कॉलेजात येणारा मुलगा? कर्जत-कसाऱ्याहून गाडीत उभे राहून येण्या-जाण्यात चार तास घालविणारा? घरी गेल्यावर भाकऱ्या थापून, धाकट्या भावंडांचे आवरून मग दिव्यापाशी बसणारी मुलगी? यांच्या दिवसात दुसरे बाराशे तास कोठून आणावयाचे? त्यांना मनाई नाही, हे खरे. ताजमहाल हॉटेलात जेवावयासही कोणास मनाई नाही.

यावर उत्तर येईल, 'ज्यास जमेल त्याने घ्यावी, न जमेल त्याने एकीवर राहावे. सक्ती थोडीच आहे?' हे उत्तर देणारास आपल्या देशातील नोकरीच्या बाजाराचा इतिहास ठाऊक नसावा. एके काळी मॅट्रिक झालेल्यास कारकुनी मिळे. पुढे पदवीधर फार झाले, तेव्हा त्याच टेबलाशी, त्याच कामासाठी, बी. ए. झालेला मागू लागले. काम बदलले नव्हते. फक्त रांग लांबली होती, आणि रांग लहान करावयास मालकास चाळण हवी होती. दोन पदव्यांचे तरुण पुरेसे झाले की हीच चाळण पुन्हा लागेल. मग आज जी परवानगी आहे ती उद्या अट होईल, आणि एकाच पदवीवर राहिलेला तो पेपर टाकणारा मुलगा, त्याने ती एक पदवी कितीही चांगली मिळविलेली असो, अपुरा ठरेल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यास शिवाजी कॉलेज काढले ते 'कमवा आणि शिका' या बोलीवर. श्रम करणाऱ्याने शिकणाऱ्याच्या पंक्तीस बसावे यासाठी या प्रांतात एका माणसाने आपले आयुष्य वेचले. त्या पंक्तीत आता 'शिका आणि शिका' असे एक नवे पान मांडले जात आहे, आणि ते कमावणाऱ्याच्या वर मांडले जात आहे.

वेळा एकमेकींवर न येण्याच्या अटीविषयी आणखी थोडे लिहावयाचे आहे. ही अट सर्वांस फार वाजवी वाटते. आम्हास ती या सबंध प्रकरणातली सर्वात बोलकी ओळ वाटते. तास संपला की कॉलेज संपले, असे तीत गृहीत धरलेले आहे. १८७९ च्या सुमारास डेक्कन कॉलेजात दोन तरुण राहत होते. टिळक वकिलीच्या अभ्यासासाठी व आगरकर एम्. ए.साठी. त्याआधी पदवीच्या पहिल्या वर्षी टिळकांनी पुस्तके बाजूस सारून तालीमच केली होती, व त्यापायी ते वर्ष फुकट घालविले होते, हे सर्वांस ठाऊक आहे. या दोघांच्या तेथील वादविवादांतून स्वतंत्र शाळेचा विचार पक्का झाला. १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांसमवेत न्यू इंग्लिश स्कूल निघाले, आणि आगरकर एम्. ए. होऊन त्यास मिळाले. तो वाद कोणत्या तासाला झाला? कोणत्या वेळापत्रकात तो लिहिला होता? त्या संध्याकाळी टिळकांस दुसऱ्या संस्थेत हजेरी लावावयास जावयाचे असते, आणि आगरकरांस रात्री एखादी जोडपदवी उरकावयाची असती, तर दोघांच्याही वेळा एकमेकींवर मुळीच आल्या नसत्या; आयोगाची अट अगदी काटेकोर पाळली गेली असती. आणि आगरकर तर एका सदऱ्यावर, तो रात्री धुऊन सकाळी घालून, दिवस काढीत असे सांगतात. त्यांनी दुसऱ्या कॉलेजची फी कोठून आणली असती हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवू.

दूरशिक्षणाची गोष्ट थोडी निराळी आहे हे कबूल केले पाहिजे. १९८५ साली निघालेले इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ व १९८९ साली नाशकास निघालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ यांनी शेतकऱ्यास, गृहिणीस, पोलीस शिपायास पदवीपर्यंत आणले, हे उपकार थोडे नव्हेत. नोकरी करता करता ज्याने मुक्त विद्यापीठाची एक पदवी घेतली त्याचा आम्हास आदर आहे, आणि तेथूनच त्याने दुसरी घेतली तरी आमचे भांडण नाही. त्याच्यापाशी दुसरा यजमानच नाही. आम्हास भय इतकेच की ज्यांच्यासाठी ही विद्यापीठे निघाली त्यांच्याऐवजी, एका कॉलेजात आधीच बसलेल्यांची जोडपदवी पुरविणे हाच त्यांचा मुख्य धंदा होऊन बसेल.

मग करावे काय? जुनी बंदी परत आणा असे आम्ही म्हणत नाही. आमची मागणी लहान आहे. दुसऱ्या संस्थेत नाव घालण्याच्या अर्जावर पहिल्या संस्थेच्या प्राचार्यांनी नुसते वेळापत्रक ताडून सही करू नये. त्यांनी आपल्या हाताने लिहावे की या विद्यार्थ्यास जे हवे आहे ते आमच्याकडे का मिळू शकत नाही, व श्रेयांकपेढीच्या वाटेने ते याच पदवीत का बसविता येत नाही. असा एक रकाना अर्जात घालावा, आणि वर्षाअखेरीस सर्व कॉलेजांनी त्यात काय काय भरले ते आयोगाने जसेच्या तसे छापून काढावे. समित्यांचे अहवाल पुष्कळ झाले; हा अहवाल आम्ही विकत घेऊन वाचू.

त्या पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थिनीची हकिकत मात्र अपुरी राहिली. पुढे काही महिन्यांनी त्या प्राध्यापकांनीच ती पुरी केली. संस्कृत तिच्या पहिल्या कॉलेजातही शिकवीत होते. वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरे, विद्यार्थी अवघे सात होते, आणि आणखी एक मिळाला असता तर शिक्षकास आनंदच झाला असता. पण तो तास तिच्या प्रयोगशाळेच्या वेळी होता, आणि तो अर्धा तास पुढे-मागे करावा की काय, हे कोणी कोणास विचारले नव्हते.